मामांचा तांब्या

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. जतकडच्या टँकरच्या गावात त्यांचं आयुष्य गेलेलं. तांब्यातलं उरलेलं घोटभर पाणीही ते ओतून देत नसत. मी वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. त्यांची ही काटकसर माझ्या डोक्यात जायची. नव्वदच्या दशकात ते सांगलीला आमच्याकडे राहायला आले आणि पाणी पिईनासेच झाले. मला वाटलं, खोडच ती. सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून ते पीत नव्हते, पण सुनेला हे सांगणार कसं?

एका सकाळी लघवी पार तुंबली. आम्ही नवरा-बायको त्यांना घेऊन मिरजेला धावलो. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची ग्रंथी वाढलीय. पोट फाडायची गरज नाही, दुर्बिणीतून आतल्या आत खरवडून काढू. निघालेले तुकडे तपासले की कॅन्सर आहे का ते कळेल.

ऑपरेशन छान झालं. खाटेवर टांगलेल्या बाटलीतून पाणी नळीने आत जायचं आणि मूत्राशय धुऊन खालच्या पिशवीत पडायचं. मी चहा घेऊन आले तर मामा कळवळत होते. पिशवीत थेंब पडत नव्हता. सिस्टर धावत आल्या. बाटलीखालच्या नळीवरचं, पाण्याची धार कमी-जास्त करायचं चाक कुणीतरी फिरवून बंद केलेलं.

"कुणी केलं हे?"

"म्या," मामा कण्हत म्हणाले. "आवं बाई, चांगलं पानी नुसतं वाया चाललं हुतं."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. धुणारं पाणी थांबल्यामुळे नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. ती मोकळी करता करता त्यांनी मलाही फैलावर घेतलं. मला रागही आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. मग मी त्या चाकाशीच ठाण मांडलं.

रिपोर्ट येईपर्यंत आम्हा दोघांना घास गोड लागला नाही. डॉक्टर आले ते हसतच. "कॅन्सर नाही!" मी सगळ्यांदेखत रडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. "पन्नाशीनंतर तुम्हीही तपासून घ्या," त्यांनी माझ्या नवऱ्याला बजावलं. "आणि आजोबा, भरपूर पाणी प्यायचं."

त्याच दिवशी नळी निघाली. मामा आपल्या पायांनी मोरीत लघवीला जाऊन आले, खुशीत खाटेवर बसले. मी दिलेला तांब्या त्यांनी गटागटा संपवला आणि माझ्यापुढे धरला.

"पोरी, आनिक दे."

माझ्या लग्नापासून त्यांनी दुसऱ्यांदा पाणी मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी तांब्या काठोकाठ भरला.