छाती एकच
आमच्या घरात स्तन हा शब्द कुणी उच्चारत नाही. आई छातीच म्हणते. खोकला झाला की तिची छाती भरते, जिना चढली की छाती धडधडते, आणि गेल्या वर्षी हाताला गाठ लागली तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "छातीत काहीतरी आहे गं." मी कफाचं औषध काढून दिलं. तिने ते बाजूला सारलं, माझा हात धरला आणि गाठीवर ठेवला.

गाठीचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. स्तन काढावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई पदर सारखा करत बसली होती. तिने त्यांना आपल्या दखनी हिंदीत विचारलं, "फिर मेरी खाँसी का क्या?"

खोकला तिला कित्येक महिने होता. बेगम बाजारातून मिरच्या आणून वर्षाचं तिखट घरीच करायचा तिचा हट्ट, म्हणून सगळं खापर मिरच्यांवर फोडून आम्ही मोकळे झालो होतो. मी पुटपुटले, "आई, त्या गाठीबद्दल बोलताहेत."

"मग मी कशाबद्दल बोलतेय?" असं मला सुनावून ती त्यांच्याकडे वळली. "अम्मा, छाती तो एकीच है ना? गाँठ भी उसमेंच, खाँसी भी उसमेंच. पूरी देखो. आधी-अधूरी देख के काटना नक्को."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. खोकल्याबद्दल, उतरलेल्या वजनाबद्दल खोदून विचारलं आणि ऑपरेशन थांबवलं. स्कॅनमध्ये फुप्फुसात डाग दिसला. गाठीचा तुकडा पुन्हा, वेगळ्या तऱ्हेने तपासला. कॅन्सर मूळचा फुप्फुसातला, तिथून स्तनात पसरलेला. असं फार क्वचित होतं म्हणे, आणि ते नेमकं जन्मात विडीला हात न लावलेल्या बाईला झालं. नुसता स्तन काढला असता तर मूळ आत तसंच राहिलं असतं. आता ती रोज त्या कॅन्सरवरची गोळी घेते.

ती पूर्ण बरी होणार नाही, हे आम्हा दोघींना माहीत आहे. गोळी लागू पडते आहे तोवर दिवस आपले. तरी डॉक्टरीणबाईंसमोरच्या खुर्चीत बसून तिने जे केलं त्याचा मला फार अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याइतकी मी सभ्य नाही.

परवा अंबरपेठहून मावशी भेटायला आली. स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन तिने आवाज अगदी खाली आणला, "नक्की कशाचा गं? फुप्फुसाचा, की... तिथला?"

मी चहा गाळायला घेतला. बाहेर आईने ऐकलं होतं.

"छातीचा," ती खोकत खोकत म्हणाली. "आणि मोठ्याने बोल. छाती माझी आहे, तुला कशाला लाज?"