धानाच्या मुलखातली नाचणी

माणूस रिटायर झाला की लोक विचारतात, नोकरीत काय कमावलं? किस्से कमावले, दुसरं काय! एक सांगायला जावं तर त्याच्या मागून दुसरा निघतो आणि समोरचा चहा गार होतो.

इंग्रज जायच्या आधीची गोष्ट. गोंदियाकडच्या गोरेगावजवळ एका सरकारी बियाणे फार्मवर मी फील्डमन होतो. नजर जाईल तिथपर्यंत धान, आणि मध्ये आमचा नाचणीचा एवढासा तुकडा! आमचे बोधनकर साहेब त्या नाचणीपायी वेडे झाले होते. गावोगावचं बियाणं पेरून त्यातून जास्त दाणा देणारी जात निवडायची, हा त्यांचा ध्यास. स्वतः एका जागी बसायचे नाहीत, आम्हालाही बसू द्यायचे नाहीत.

*

बियाणं जमवायला साहेब आठवडी बाजारात जायचे. प्रत्येक टोपलीतली मूठभर नाचणी घ्यायची, वेगळ्या पुडीत बांधायची, की पुढची टोपली. एक म्हातारी बराच वेळ बघत होती.

शेवटी म्हणाली, "पोरगी पाहाले आला का गा? एकीवर मन ठरूनच नाही राहिलं तुयं!"

*

नाचणीचं फूल डोळ्यात भरेल एवढंही नसतं. दोन जातींचा संकर करायचा म्हणजे भिंग, चिमटा आणि श्वास रोखून धरणं. साहेबांची सक्त ताकीद होती, "कुणी शिंकलं तर घरी पाठवीन!" पदराने नाक दाबून मजूर बायका बांधावर उभ्या, मीही तोंडावर रुमाल धरलेला. साहेब वाकले, चिमटा टेकवला, आणि अशी सणसणीत शिंक आली की कणीस हातातून सुटलं!

साहेबांनी आमच्याकडे वळून विचारलं, "कोण शिंकलं?"

*

एका जातीला फुटवे एवढे फुटले की साहेब हरखून गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्यापाशी नेऊन उभं करायचे. कापणी झाली तेव्हा पेंढीच पेंढी, आणि दाणा बघावा तर चिमूटभर.

मजूर बायांची मुकादम फुलवंता म्हणाली, "बाराती सप्पा, झाडून सारे आले साहेब, नवरदेवच नाही आला!"

त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

*

त्यातच नागपूरहून मोठे साहेब तपासणीला आले. धानाच्या मुलखात ही थेरं कशाला, असं तोंडावर म्हणाले. पुढच्या हंगामात निवडलेल्या जाती वेगवेगळ्या दाखवा, नाहीतर या तुकड्यात धान लागेल! तेव्हापासून आमच्या साहेबांची झोप उडाली.

कणसं भरली तशी पाखरं उतरली. मी डबा बडवायला लागलो. साहेब धावत आले, "थांब! कोणत्या ओळीवर जास्त बसतात ते बघू दे!" मी थांबलो, तर ओरडले, "अरे, खातायत ना! हाकल!"

फुलवंता म्हणाली, "पयले तुमी ठरवा साहेब, तवरोक पाखरं जेवून घेतेत."

*

अखेर त्या हंगामात नाचणी साधली. मुठी मिटल्यासारखी भरगच्च कणसं! साहेबांनी निवडक कणसांना स्वतःच्या हाताने धागे बांधले. लाल धागा एका जातीचा, पिवळा दुसरीचा, हिरवा तिसरीचा. दाणा सगळ्यांचा दिसायला सारखाच, ओळख काय ती धाग्याची. सगळ्या वर्षांची मेहनत त्या धाग्यांवर लटकत होती. कुणाला हात लावू देत नव्हते.

मोठ्या साहेबांना आणायला आम्ही दोघं गोंदिया स्टेशनवर गेलो. तिघं परतलो तर धागेवाल्या ओळीत नुसती धसकटं!

फुलवंता हसतच सामोरी आली. "कायजी नोका करू साहेब. नवं पीक देवाले देल्याबिगर कोणी खात नाही. आमच्यात देवाच्या कणसाले धागा बांधतेत. तुमी बांधले, अन् गेले गोंदियाले! आज देवाचा दिवस, म्हणून आमीच नेऊन देलो."

बोधनकर साहेब धावत सुटले. मागे मी, माझ्यामागे धापा टाकत मोठे साहेब. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली देवाचं ठाणं होतं. तिथे म्हातारा भुमका, म्हणजे गावचा पुजारी, सुपात नाचणी पाखडत बसला होता. कणसं मळून झाली होती. झाडाच्या बुंध्याला लाल, पिवळे, हिरवे धागे एकत्र गुंडाळलेले.

भुमक्याने त्यांच्याकडे पाहिलं, उठला, आणि सगळी नाचणी एका टोपलीत ओतून मोठ्या मायेने त्यांच्या हातात दिली. साहेब टोपली घेऊन मटकन खालीच बसले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मोठे साहेब मागे उभे होते.

भुमक्याने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काऊन रडून राहिला गा साहेब? दाना त सप्पाच वापस देलो. देवानं धागेच त ठेवले!"