शेवटचा डबा

आमच्या घरामागे मालगाड्यांसाठी वेगळा पूल झाला. खालून मेल धावते, वरून मालगाडी. कुणी कुणासाठी थांबत नाही. मोठी सोय झाली म्हणतात.

बाबा रेल्वेत गेटमन होते. शेवटचा डबा जाईपर्यंत त्यांनी हिरवा झेंडा धरायचा आणि त्या डब्यातून गार्डाने आपला दाखवायचा. सगळं ठीक असल्याची ती खूण. अजूनही वर धडधड सुरू झाली की बाबा अंगणात येऊन रिकामा हात उंच धरतात.

"बाबा, वरून कुणाला दिसत नाही हो."

"ठाऊक आहे मला."

पुलाचा कठडा उंच आहे. शेवटचा डबा कधी गेला, तेही इथून दिसत नाही. त्यामुळे आवाज विरल्यावरही त्यांचा हात तसाच वर राहतो. खाली घ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही.