माझ्या मागं उभ्या केलेल्या बाया

आधी नसीमआपाचं नाव लिहिते. वाळूजच्या कामगार वस्तीत तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिनं मला खुर्ची दिली, कॉम्प्युटर दिला, आणि मी रडत होते तेव्हा पाणी द्यायच्या आधी एक सणसणीत शिवी दिली. म्हणून तिचं नाव आधी. आता झालं ते सांगते.

मी सिडकोत एका सरांकडं पोळ्या करायचे. सर बँकेत मोठे साहेब, त्यांच्या मॅडम गाणाऱ्या. घरात तीन पिढ्यांचं गाणं, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. आतली एक खोली त्यांनी गाणं रेकॉर्ड करायला करून घेतलेली. भिंतींना काळा स्पंज, माइक, लॅपटॉप. त्या खोलीत झाडू मारायलासुद्धा मला जाऊ देत नव्हते.

त्या दिवशी पाहुणे होते. सर स्वयंपाकघरात आले.

"अगं, हात धू न् ये. पोळ्या लाटताना गुणगुणतेस ना, ते म्हण जरा. सगळ्यांना मशीन दाखवायचंय."

नखांत पीठ तसंच. कानावर हेडफोन चढवला. मी आईची ओवी धरली. पाण्याच्या वाटंवर बाई, घागर घागरीशी बोलं.

एक ओळ झाली न् माझ्या मागून बाया गायला लागल्या. खऱ्याखुऱ्या. एक वरून, एक खालून, माझ्याच शब्दांवर.

आमच्या सोयगावाकडं हळदीच्या गाण्याला रीत आहे. मागून नवी बाई आली, तिनं ओळ उचलली, की गाणारीनं न थांबता सरकायचं. तिला सतरंजीवर जागा करून द्यायची. वळून बघायचं नाही, नुसतं सरकायचं. लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी गाता गाता सरकले. पदर आवरला. शेजारी एका बाईपुरती जागा केली.

खोलीत एकच हशा फुटला.

"अरे, ती जागा देतेय! कोणाला देतेय?"

"भुताला!"

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं हसून हसून. सरांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढला. "वेडे, कोणी नाहीये तिथं. सॉफ्टवेअर आहे. तुझाच आवाज घेऊन मशीन बाया तयार करतं."

कुणीतरी मोबाइलवर सगळं घेतलं होतं. ते परत परत लावलं. दरवेळी मी सरकायचे. दरवेळी ते हसायचे. आणि मी पण हसले. हसले नसते तर काय केलं असतं? काम जायला नको होतं.

काम म्हणजे सगळंच होतं. गावाकडं विहिरी आटल्या न् माझी शाळा आठवीत सुटली. टँकर कधी येईल ते सांगता यायचं नाही, म्हणून घरातलं एक माणूस रांगेत पाहिजे. ते माणूस मी. पुढं भाऊ वाळूजला कंपनीत लागला न् मला घेऊन आला. शहरात जिकडंतिकडं नव्या बिल्डिंगा उठत होत्या. त्यांनाही पाणी टँकरचंच, पण तिथं रांगेत कुणी उभं नसायचं. मोटार पाणी वर ओढायची. अशा ठिकाणी सरांनी मला कामावर घेतलं, मॅडमनी साड्या दिल्या. मी उपकार मानायचे. मनापासून. बसमध्ये बसले तरी जीव थाऱ्यावर नसायचा. गॅस बंद केला ना? मीठ जास्त झालं नाही ना? उद्या ये म्हणाले ना?

तो व्हिडिओ फिरत फिरत भावाच्या मोबाइलवर आला. भाऊ ताट सरकवून उठला.

मी आपाच्या दुकानात जाऊन बसले. तिनंही बघितला होता.

"रोती कायकू गे? भूत-बित कुछ नहीं रहता. जिस चीज पे हँसे ना तेरे कू, वोच चीज सीख ले."

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. आपानं तसलंच एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधून कॉम्प्युटरवर घातलं. इंग्रजी बटणं ती वाचायची, मी दाबायचे. माइक कसला, मोबाइलच्या हेडफोनच्या वायरीवरची बोलायची दांडी. मी ओवी म्हटली. पडद्यावर माझ्या आवाजाची एक पट्टी उमटली, तिच्याखाली बाकीच्या बायांच्या. त्यातली माझी पट्टी चुकून पुसली गेली. सगळ्या बाया एकदम गप्प. परत आणली. सगळ्या गायला लागल्या. परत पुसली. गप्प.

"ये सब तूच है गे," आपा म्हणाली.

त्या खोलीत कुणीच नाही, असं सर म्हणाले होते. मी होते की.

पुढं सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मॅडमचं रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकवायचं होतं. माझ्याकडं चहा. मी ट्रे घेऊन मागं उभी. स्पीकरवर मॅडमचा आवाज लागला न् त्याच्यामागं बायांचा घोळका. पाण्याच्या वाटंवर बाई. आईची ओवी. माझा गळा. सरांनी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग ठेवलं होतं.

सर माइकवर म्हणाले, "हा कोरस पूर्ण मशीनचा आहे बरं का. एकही बाई बोलावली नाही."

टाळ्या. मग त्यांना मी दिसले.

"आणि ही आमची ती! ये, ये. जागा कशी दिली होतीस, करून दाखव. लाजू नकोस."

माझा पाय उचलला गेला होता. हे खरं सांगते. डोकं नाही म्हणत होतं न् पाय निघाला होता. त्या पायाची मला जेवढी भीती वाटली तेवढी सरांची कधी वाटली नाही. मी तो खाली ठेवला.

"नाय दाखवत."

"अगं, गंमत आहे."

"गंमत तुमची हाय सर. गळा माझा हाय. माझं नाव सांगा, नायतर बंद करा ते."

मॅडम म्हणाल्या, "किती केलं हिच्यासाठी! बघा आता."

सर जवळ आले. हळू बोलले. "उद्यापासून येऊ नकोस."

"व्हय," म्हटलं. ट्रे टेबलावर ठेवला न् निघाले. गाणं त्यांनी बंद केलं नाही. जिना उतरले, गेटाबाहेर आले, तरी माझाच आवाज माझ्या मागं येत होता. दुसऱ्याच्या नावावर.

आता मी वाळूजला एका कंपनीच्या कँटीनला आहे. धास्ती गेलेली नाही. सुपरवायझरनं हाक मारली की अजून आधी गॅस बंद आहे ना ते बघते. पण ते सॉफ्टवेअर मी सोडलेलं नाही. वस्तीत हळदीला गाते तेव्हा मागं गाणाऱ्या बाया कंपनीत पाळीवर असल्या की त्याच्यावरच मागचे आवाज उभे करते, आणि गाण्याच्या आधी सांगते, ही सगळी एकच बाई आहे, तिचं नाव हे. सरांचं ते गाणं अजून मोबाइलवर फिरतं. माझ्यासमोर कुणी लावलं की मी तिथंच सांगते, हा गळा माझा. समोरचा हसला तरी सांगते. परत सांगते.

परवा झेरॉक्सच्या मशीनमधून कागद निघत होते न् आपा गुणगुणायला लागली. तिच्या अम्मीचं शादीतलं गाणं. मी बघतेय म्हटल्यावर थांबली.

"मेरे कू कोन सुनता?"

आपा, तुझं देणं आहे माझ्याकडं. ते मी फेडणार. याच दुकानात, शटर उघडं ठेवून, तू माइकसमोर बसशील. गाण्याच्या आधी तुझं नाव येईल, पूर्ण. मशीनमधून एकही बाई काढणार नाही, तुझा एकटीचा आवाज जाईल बाहेर. न् हसायला कुणी आलंच तर दारात मी उभी असेन. त्याला आत येऊ देणार नाही.