गाड्या जरा मागं घ्या

आमच्या जुन्नर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही, आणि मी मालगाडी चालवते. नोकरी लागली तेव्हा गावात पेढे वाटले गेले, पण निम्म्या लोकांना मी स्टेशनात तिकिटं फाडते असंच वाटत होतं. देवाचं म्हणाल तर घरात खंडोबा पिढीजात. आमचे पूर्वज मेंढरं राखायचे, पणजोबांनी खोडदजवळ जमीन केली आणि देव्हारा शेतातल्या घरात आला. मी लहानपणी कपाळाला भंडारा लावला तो सवयीने. पुढे इंजिनाशी ओळख झाली आणि वाटायला लागलं, जे हलतं ते जोराने हलतं, त्यात देवाचं काय? हे आबांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, बोलायची मात्र माझी छाती नव्हती.

कारण बारा गाड्या ओढायचा मान आबांचा. आमच्याकडे माघी पौर्णिमेला खंडोबाची यात्रा असते. बारा बैलगाड्या एकामागे एक जोडतात, त्यांत माणसं बसतात, आणि अंगाला भंडारा माखलेला मानकरी कमरेच्या दोराने त्या सगळ्या एकटा ओढत देवळापर्यंत नेतो. आजोबांनी ओढल्या, आबांनी ऐन तारुण्यापासून ओढल्या. पण गेल्या यात्रेला गाड्या जागच्या हलल्या नाहीत. आबांनी तीनदा जोर लावला आणि तिसऱ्या वेळी ते गुडघ्यावर आले. शेवटी पोरांनी गाड्या ढकलत नेल्या. वाजंत्री वाजत राहिली हे सगळ्यात वाईट.

लोक म्हणाले, देव रुसला. एकाने तर पारावर सांगितलं, ‘लेक इंजन चालवती ना, देवाचं बळ तिकडं गेलं.’ माझ्या इंजिनाला खंडोबाचं बळ लागतं हे मला तेव्हाच कळलं. पण आबांना ते बोलणं लागलं. त्यांनी देवळात जाणं सोडलं, नारायणगावच्या बाजारात ते मान खाली घालून चालायला लागले. आईने मला फोनवर सांगितलं, ‘औंदा बी न्हाई हलल्या तर भंडाऱ्याची पिशवी देवाम्होरं ठेवून मोकळा व्हतो म्हनत्यात.’ पिशवी ठेवली की मान संपला. मान संपला तर आबांचं काय उरेल, याची मला भीती वाटत होती. रुसलेला माणूस समजावता येतो, खचलेल्या माणसाला काय सांगणार?

मी त्यांना रोज जगभरच्या गाड्यांचे व्हिडिओ पाठवायला लागले. तेवढाच विरंगुळा. पेरूच्या डोंगरात ढगांच्या वर चढणारी गाडी, स्वित्झर्लंडमधली दातेरी रुळावरची, सैबेरियात बर्फ उडवत जाणारी. आबा सगळं बघत आणि फोन करून विचारत, ‘तकडं गाडी निघायच्या आदी नारळ फोडत्यात का?’ ऑस्ट्रेलियातली लोखंडाची माती वाहणारी लांबच लांब मालगाडी त्यांना फार आवडली. मी त्यांना सांगितलं होतं, आबा, जड गाडी चढाला अडली तर आम्ही गार्डला विचारून आधी जराशी मागे घेतो. डब्यांमधले जोड सैल पडतात. मग पुढे निघालं की एकदम सगळी गाडी ओढावी लागत नाही, एकेक डबा निघतो. आबा म्हणाले, ‘म्हंजे तो ड्रायव्हर बी आमच्यावानी देवाला नमस्कारच घालतो की. आदी मागं सरायचं, मंग फुडं.’ मी हसले आणि विसरून गेले.

यात्रेच्या दिवशी ड्युटीवरून सुटून एसटीने नारायणगावला उतरले, तिथून जीपने गाव गाठलं. माळावर पोहोचले तेव्हा गाड्यांची पूजा झाली होती. मी सवयीने आधी गाड्यांचे जोड बघितले. पूर्वी गाड्या जोडायला जाड नाडा असे, सैलसर, गाठी मारलेला. गेल्या यात्रेच्या आधी माझ्या चुलतभावाने, बाळूने, हौसेने लोखंडी साखळ्या केल्या होत्या. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षीच्या फजितीवर त्याने उपाय असा काढला की साखळी हलली की जोर वाया जातो, तेव्हा ती हलताच कामा नये. म्हणून त्याने शेवटची गाडी ट्रॅक्टरने मागे खेचून सगळ्या साखळ्या तारेसारख्या ताणल्या होत्या आणि तिच्या चाकांमागे दगड लावले होते. म्हणजे आबांना पहिल्या पावलालाच बाराच्या बारा गाड्या, माणसांसकट, एकदम उचलायच्या होत्या. गेल्या वर्षी पोरांनी साखळ्या हातानेच ताणून ठेवल्या होत्या; तेव्हा काय झालं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मी बाळूला बाजूला घेतलं. ‘साखळ्या सैल कर.’

‘आता नाय जमायचं ताई. पुजा झाली.’

तेही खरंच होतं. गाड्या पुजल्या की देवळापाशी पोहोचेपर्यंत जोडाला कोणी हात लावत नाही, हा नियम आजोबांच्याही आधीचा. आणि आबांना जाऊन सांगावं, तर त्यांनी डोळे मिटले होते. अंगभर भंडारा, कमरेला दोर, ओठ हलत होते. आई देवळाच्या पायरीवर पदर तोंडाशी धरून बसली होती. अवघड चढावर मी मालगाड्या काढल्या आहेत, पण त्या माळावर माझ्या हातात काही नव्हतं. ब्रेक नाही, हँडल नाही, कोणाला विचारायची सोय नाही. मी हात जोडले. शब्द एवढेच सुचले, ‘देवा, मला काही करता येत नाही. तू बघ.’ अशी प्रार्थना मी जन्मात केली नव्हती. त्यात मागणंसुद्धा नीट नव्हतं.

वाजंत्री सुरू झाली आणि तेवढ्यात समोरून मेंढरं आली.

मोठा कळप होता. पुढे एक म्हातारी, हातात काठी, पदराच्या झोळीत नुकतं जन्मलेलं कोकरू, मागे बिऱ्हाड लादलेलं घोडं. माळावरून खाली उतरणारी त्यांची वाट नेमकी पहिल्या गाडीने अडवली होती. लोक ओरडायला लागले, हाकला, मुहूर्त जातोय. म्हातारी घाबरली नाही की रागावली नाही. काठी टेकून आबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘गाड्या जरा मागं घ्या पावणं. मेंढरं जाऊ द्या.’

आबांनी डोळे उघडले. बाळू मध्ये पडला, ‘आजे, वळसा घालून जा की.’ पण आबांनी हात वर केला. ‘मेंढरं आडवायची न्हाईत. देवाची हायेत ती. घ्या रं गाड्या मागं.’

जोडाला हात लावायचा नाही हा नियम, गाडी मागे ढकलू नये असा काही नियम नव्हता. पोरांनी पहिली गाडी रेटली, पण कळप मोठा, वाट पुरेना. मग दुसरी, तिसरी, अशा करत दगडांना टेकलेल्या शेवटच्या गाडीपर्यंत सगळ्या एकेक करून मागे सरकल्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या ताणलेल्या साखळ्या एकामागून एक खाली लोंबल्या. अख्ख्या माळावर याचा अर्थ कळणारी मी एकटीच आहे असं मला वाटलं, आणि तेवढ्यात आबांनी मागे वळून साखळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा ते हसले.

मेंढरं गेली. आबांनी देवळाकडे तोंड केलं, दोन पावलं मागे सरले, वाकून जमिनीला हात लावला. ‘येळकोट येळकोट जय मल्हार!’ आणि त्यांनी झटका दिला नाही. सावकाश अंग पुढे टाकलं. पहिली गाडी निघाली. साखळी खळकन वाजली, दुसरी निघाली. पुन्हा खळकन, तिसरी. तो आवाज मी रोज ऐकते, इंजिनात बसल्यावर मागून दूरवर जात राहणारा. तोच आवाज आमच्या माळावर गाडीगाडीने मागे जात होता आणि आबा थांबत नव्हते. शेवटची गाडी दगड सोडून निघाली तेव्हा सगळा माळ ओरडला. भंडाऱ्याने हवा पिवळी झाली. पलीकडे शेतांत खोडदच्या रेडिओ दुर्बिणींच्या मोठाल्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं असेल. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि रडत होते. देवळापाशी गाड्या थांबल्या. गेल्या वर्षी पारावर बोललेल्या त्या माणसाने सगळ्यांच्या आधी येऊन आबांचे पाय धरले. आबांनी त्याला उठवून त्याच्या कपाळाला भंडारा लावला, आणि पिशवी होती तशीच परत खांद्याला अडकवली.

नंतर मी म्हातारीला शोधायला निघाले. खण-नारळ घेऊन ओढ्यापर्यंत गेले, पण कळप पुढे गेला होता. आई म्हणते, ती बाणाई होती, खंडोबाची धनगरवाड्यातली राणी. बाळू म्हणतो, देवी असती तर माळभर लेंड्या टाकून गेली नसती. कोण होती ते मी सांगू शकत नाही. एखाद्या धनगरवाड्यावरची म्हातारी असेल, तिला कळप पुढे न्यायचा असेल, इतकंच. पण बाळू म्हणतो त्या लेंड्यांमुळेच मला आईचं जास्त पटतं. आमचा देव मेंढरांतलाच, तो आला तर असाच येणार.

साखळ्या गेल्या, नाडा परत आला. बाळूने स्वतः आणला. आणि मी एवढं शिकले की जोर माझा असला तरी गाडी निघणं माझं नाही. ताणून धरलेलं सैल सोडणं मला अजून नीट जमत नाही, पण त्या माळावर हात जोडले तेव्हा ते एकदा जमलं होतं. परवा घाटात माझी भरलेली गाडी चढाला अडली. मी गार्डला विचारलं आणि गाडी जराशी मागे घेतली. मागून जोड सैल पडल्याचा आवाज आला. मग मी हळूच म्हटलं, येळकोट, आणि पहिला डबा निघाला. शेजारी बसलेल्या सहायकाने माझ्याकडे चमकून पाहिलं. मी त्याला सांगितलं, ‘नमस्कार घातला. आता जाऊ.’