नत्थूजींचा ज्वारीचा रोडगा

पहाटे जात्याची घरघर कानावर यायची आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, आई दळते आहे. मग डोळे उघडायचे. आईला जाऊन तीस वर्षं झाली. दळत असायचे भिंतीपलीकडचे नत्थूजी. जन्मभर संत्र्याच्या पेट्या भरलेला माणूस, नुसतं हातात घेऊन फळाचं वजन सांगायचा. बायको होती तोवर चहाचा कपही यांनी विसळला नाही, आणि आता नातीसाठी ज्वारी दळत होते. माघात आमच्या सौंसरला सगळीकडे संत्र्याच्या फुलांचा वास असतो. तो वास आणि ती घरघर ऐकत मी पुन्हा डोळे मिटायची. निवृत्त मास्तरणीला कोण उठवायला येतं?

मी प्रेमलता. लोक मला फटकळ म्हणतात. म्हणोत बापडे! लिहिताना शाळेची भाषा येते, भांडताना मात्र मी इथलीच.

नत्थूजींची नात डिंपल सहा वर्षांची, पण अंगानं चारची वाटायची. हातपाय काड्या आणि पोट तेवढं नगारा. दोन वर्षं जंताची औषधं चालली, नजर उतरवून झाली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हिच्या आतड्यांना गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, बिस्किटं, सगळं बंद. कणभरही नाही, आणि तेही जन्मभर. डिंपलचे आईवडील, अमिता आणि हेमराज, सातच्या बसनं पांढुर्ण्याला कामाला जायचे. मग पोरीचा नाश्ता नत्थूजींच्या गळ्यात पडला.

चक्कीवर आधी कुणाचे गहू दळलेले असतात, ते पीठ आपल्या ज्वारीत येतं, म्हणून त्यांनी माळ्यावरचं जातं खाली काढलं. डिंपलचा तवा आणि परात वेगळी केली, त्यांना ओळखीसाठी लाल दोरा बांधला. डबीतल्या हिंगातसुद्धा पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं हे कळल्यावर हिंग घराबाहेर गेला. उकडपेंडी आपण कणकेची करतो, ती ज्वारीच्या पिठाची करायला मी शिकवली.

"भाजा म्हटलं नत्थूजी, जाळा नाई म्हटलं!"

"हात भाजून राहिला बाई, पीठ तं ठीकच हाय."

हळूहळू हात बसला. ताकातल्या कण्या, मुगाचं धिरडं, तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके, मधल्या सुट्टीला माझ्या घरच्या लाह्यांचा चिवडा नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. सकाळच्या उन्हात ओट्यावर डिंपल खात बसायची आणि नत्थूजी तिच्याकडे असे बघत राहायचे की चहा निवून जायचा. चार महिन्यांत पोरीच्या गालांवर रंग आला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं तिचं झालं होतं. समोर काही आलं की आधी एकच प्रश्न, "याच्यात गहू हाय का?" एकदा तर तिनं मला पेरूबद्दलही विचारलं.

आणि मग गाडी अडली. दर रविवारी पोरीचं पोट दुखायचं. सकाळपासून ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची, तिचं कण्हणं भिंतीतून मला ऐकू यायचं. वाढलेलं वजन पुन्हा उतरलं. डॉक्टरांनी बजावलं, हिच्या पोटात कुठूनतरी गहू जातोय, असंच चाललं तर पोरीची वाढ कायमची खुंटेल. अमिता रडकुंडीला आली. शाळेतल्या मैत्रिणींच्या डब्यांवर संशय घेऊन झाला, मग माझ्या लाह्यांवर. माझ्या! मी चार दिवस त्यांच्या दाराकडे पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी शनिवार होता. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. नत्थूजी दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जात. तिथून परतले, ओट्यावर बसले, खिशातून कागदाची पुडी काढली आणि नखाएवढा तुकडा डिंपलसमोर धरला.

"आजोबा, याच्यात गहू हाय का?"

"हा परसाद हाय, माय."

पोरीनं तोंड उघडलं. मी मिरच्या टाकून धावले, पण तोवर तिनं तो गिळलाही होता.

"काय चारून राहिले तुम्ही तिले?" माझा आवाज पार बसस्टँडपर्यंत गेला असेल. पुडीत रोडगा होता. गवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला कणकेचा गोळा, चांगला गव्हाचा रोडगा! आमच्याकडे नवस फेडायला मारुतीपुढे रोडग्यांचा स्वयंपाक करतात. असाच कुणाच्या तरी नवसाचा प्रसाद होता तो.

"कणभर तं हाय," नत्थूजी म्हणाले. "परसादानं कोठं काही होते का?"

"होते! रविवारी काय होते ते पाहत नाई का तुम्ही? का आंधळे झाले?"

त्यांनी पुडी खाली ठेवली. मग सगळं बाहेर आलं. आजार कळायच्या आधी त्यांनी मारुतीला नवस बोलला होता. पोट्टी बरी झाली तर तुझ्या दारी रोडगे करीन, पहिला रोडगा तिच्या हातून तुला आणि दुसरा तिच्या तोंडात. पोरीच्या गालांवर रंग आला आणि नवस फेडायची वेळ आली, पण डॉक्टर म्हणतो गहू नको, आणि नवस तर गव्हाचा! देव रुसेल म्हणून हे दर शनिवारी नखाएवढा तुकडा पोरीला देऊन त्याची समजूत काढत होते. जिच्यासाठी पहाटे उठून दळायचं, तिलाच शनिवारी आपल्या हातानं विष द्यायचं. मला इतका राग आला, आणि तितकीच कीवही.

"म्याच केलं का हे, बाई?" ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. डिंपल त्यांचे डोळे फ्रॉकनं पुसत होती.

"मंग नवस कसा फेडू?"

"देवाले गहू पायजे का पोट्टी पायजे, त्यालेच इचारा," मी फणकाऱ्यानं बोलून गेले.

पुढच्या शनिवारी ते खरंच विचारायला गेले. जामसांवलीच्या मारुतीची मूर्तीच निजलेली आहे. त्याच्यासमोर हा माणूस दुपारभर बसून राहिला, आणि संध्याकाळच्या बसनं परत आला.

"काय म्हणाला मारुती?"

"काई नाई. निजूनच होता."

"मंग?"

"रागावला असता तं उठला असता ना, बाई."

मी चहा ठेवायला आत गेले.

तेव्हापासून ज्वारीचा रोडगा करायचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं. ज्वारीला चिकटपणा कुठला? गोळा विस्तवात गेला की फुटायचा, राखेत राख होऊन जायचा. परसात गवऱ्यांचा निळा धूर, त्यात नत्थूजी चिमटा घेऊन बसलेले, आणि बिघडलेले रोडगे खायला मी! कधी पीठ उकडून पाहिलं, कधी तांदळाची पिठी घातली. शेवटी भिजवलेला जवस वाटून मळला, आणि तो गोळा टिकला. कुणालाही आनंद व्हावा असा तो गोल गरगरीत निघाला. त्या दिवशी नत्थूजींनी तो हातावर घेऊन मला त्याचं वजन सांगितलं.

दरम्यान रविवारची पोटदुखी थांबली होती. पुढचा माघ आला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासणीचे कागद पाहिले आणि हसून म्हणाले, आता काळजी नाही, पण गहू कधीच नाही.

मग एका शनिवारी आम्ही सगळे जामसांवलीला गेलो. झाडाखाली गवऱ्या पेटवल्या, वांग्याची भाजी रटरटली. आलेल्या पाहुण्या बाया कुजबुजल्या, ज्वारीचा रोडगा कधी असतो का? मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्या भाजी ढवळायला लागल्या.

डिंपलनं गरम रोडगा फुंकून हातात घेतला आणि सवयीनं विचारलं, "आजोबा, याच्यात गहू हाय का?"

"नाई, माय." नत्थूजींनी रोडग्यावरची राख झटकली. "नाई."

ती देवापुढे गेली, रोडगा ठेवला आणि निजलेल्या मारुतीकडे वाकून हळूच म्हणाली, "याच्यात गहू नाई. खाय तू, घाबरू नको."

दुसरा रोडगा तिनं भाजीसोबत अख्खा खाल्ला. बाकी सगळे जेवले. नत्थूजी मात्र नुसते वाढत राहिले. त्यांचं लक्ष दुसऱ्या दिवसाकडे, रविवारकडे होतं.

रविवारी पहाटे मी आपणहून जागी झाले. भिंतीला कान लावून बसले, खोटं कशाला बोलू? जातं थांबलेलं होतं. पलीकडे तेही असेच कान देऊन बसले असणार. बाहेर संत्र्याच्या फुलांचा वास दाटला होता, आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग डिंपल ओरडली, "आजोबा, भूक लागली!"

आणि जातं फिरायला लागलं.