कॉलनीमधली विहीर

कॉलनीत नवं कुणी राहायला आलं, की आबा तांब्या घेऊन फाटकाशी हजर. नाव नाही, गाव नाही, आधी तांब्या पुढे. "पानी प्या, मंग बोला."

धुळ्याच्या कडेला त्यांचं शेत होतं. त्याचेच प्लॉट पडले आणि आम्ही तिथं घरं बांधली. आबांनी सगळं विकलं, घरापुढची विहीर तेवढी ठेवली. "मना बापनी खंदेल शे. ती काय इकानी चीज शे का?"

अशा कॉलन्या तुम्हीही पाहिल्या असतील. घरं आधी उठतात, गटार मागून येतं, नाहीतर येतच नाही. मग काय, प्रत्येकानं मागच्या अंगणात संडासाचा शोषखड्डा खणला. मीही खणला. मधोमध आबांची विहीर. जळगावला पिंप्राळ्यात माझी लेक राहते, तिच्याकडे सांडपाणी तुंबतं आणि डासांनी घरोघर ताप. आमची जमीन मात्र सगळं गिळायची. मला वाटायचं, आपलं बरं आहे बाई.

एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी वास मारायला लागलं. पण म्हाताऱ्या माणसानं पुढे केलेलं पाणी नाही कसं म्हणायचं? बायका तांब्या घ्यायच्या, "गोड आहे हो आबा" म्हणायच्या आणि आत जाऊन जास्वंदीला ओतायच्या. पाण्याचे जार मागच्या दारानं यायचे.

मी तोंडावर बोलले. "आबा, वास येतो पाण्याला."

"अक्का, तुनं नाक शहरी हुई गयं!" हसले, आणि माझ्यासमोर तांब्या घटाघटा रिकामा केला.

मग शेजारच्या शाळकरी पोरीला कावीळ झाली. ती रोज आबांच्या हातचं पाणी प्यायची. डॉक्टर म्हणाले, हे पाणी पिऊ नका. पोरगी उठली हो, बरी झाली. पण आबा पुन्हा फाटकाशी दिसले नाहीत. घरात बसून एकटे तेच पाणी प्यायचे. त्यांची बायको, आमच्या नानी, माझ्याकडे येऊन रडल्या. मी जाऊन भांडले.

"पोरीचं पाहिलं ना आबा?"

"म्हनीसन तं दुसरास्ले देत नही. मी एकलाच पिसू."

पावसाळा सरताना त्यांचे डोळे हळदीसारखे झाले. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं. श्वास लागला तेव्हा थोरला मुलगा विकतच्या पाण्याची बाटली उघडून उशाशी बसला. आबांनी ओठ घट्ट मिटले, मान वळवली. नानींनी खिडकीतून विहिरीकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे. कुणी उठलं नाही.

मुलानं चमचा ओठांशी टेकवला. पाणी गालावरून ओघळलं आणि उशीत जिरलं.